तळातलं वांगं

खोटं लिहिलंय तुम्ही. दगडात कोरून खोटं लिहिलंय.

मंडईच्या पुढच्या दाराशी तुम्ही जो काळा गुळगुळीत फलक बसवलाय, त्यावर सोनेरी अक्षरांत म्हटलंय की या ऐतिहासिक वास्तूचं मूळ स्वरूप जसंच्या तसं जपलं आहे. तुमचं नाव मी घेत नाही. नावं बदलत राहतात, खुर्ची तीच असते. खुर्ची माझ्याही बुडाखाली आहे, पण माझी मी स्वतःच्या हातांनी ढकलते. तेव्हा मूळ स्वरूप काय होतं, ते माझ्याकडून ऐका.

"ए बाई, हे मालाचं दार हाय. माणसांनी पुढनं जायचं."

असं म्हणून, कितीतरी वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी मंडईच्या गणपतराव शिपायानं पूर्वेचं दार माझ्या तोंडावर ओढून घेतलं. शेवटची हातगाडी नुकतीच आत गेली होती, बटाट्याच्या पोत्यांनी भरलेली. त्या दारापुढं पायरी नव्हती, दगडी उतार होता. इंग्रजांच्या काळापासून गाड्या चढून-उतरून दगडात दोन चाकोऱ्या पडलेल्या, हात फिरवावा अशा गुळगुळीत. माझ्या खुर्चीची चाकं त्या चाकोऱ्यांत अलगद बसली होती.

"बटाटा आत आणि मी बाहेर?" मी विचारलं.

"नियम हाय. मी केलेला न्हाई."

"पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, गणपतराव."

"मग कुणाला तरी उचलायला सांग की. तुझा दादा कुठाय?"

दादाचं नाव त्यानं काढायला नको होतं. दादापायीच तर मी आले होते.

मी मालन कोळेकर. पाय लहानपणीच पोलिओनं नेले. शाळेत गेले नाही. शाळेलाही पायऱ्याच होत्या. वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, त्यामुळं जगातल्या पुष्कळ बातम्या मला अर्ध्याच ठाऊक आहेत. हाताच्या मशीनवर ब्लाउज शिवते. लग्नाच्या बाजारात मला कुणी विचारलं नाही आणि मीही तिकडं डोकावले नाही. तिशीला आले तेव्हा दादाच्या घरातून निघून मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली घेतली, आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं.

दादा वाईट नव्हता. हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. त्यानं मला जन्मभर उचललं. जत्रेत, दवाखान्यात, मावसबहिणीच्या हळदीत. पण उचलणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा निघायचं, तो ठेवील तिथं बसायचं. मंडईत गेलो की तो मला बाहेर पानवाल्याच्या फळीवर ठेवायचा, शेजारी त्याची सायकल. सायकलीला कुलूप असायचं, मला नसायचं, एवढाच भेद.

मी खोली घेतली तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला होता, "मालू, हट्ट पुरे. साधी मंडईतनं भाजी तरी आणता येती का तुला?"

"येईल."

"मग रविवारी जेवायला येतो. तू सोता मंडईत जाऊन, तुझ्या हातानं निवडून आणलेली भाजी वाढ. परत घरी चल म्हणून तोंडातनं काढणार न्हाई. पण दुसऱ्या कुणी आणून दिली, तर गुमान सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. रागात म्हटलं. ज्या मंडईवर पैज लावली ती मी आतून कधी पाहिलीच नव्हती. मला पानवाल्याची फळी तेवढी ठाऊक.

तर गणपतरावानं दार लावलं आणि मी खुर्ची वळवून पुढच्या दाराशी आले. उंच, काळ्या दगडाच्या पायऱ्या. वर कमान. कमानीतून दिसेल तेवढीच मंडई: ओतीव लोखंडाचे खांब, त्यावर कौलांचं आभाळाएवढं छप्पर, आणि दाराला लागूनच पहिल्या दगडी ओट्यावर तानूबाई सुतारांचा वांग्यांचा ढीग. आमच्या कृष्णाकाठची वांगी, पांढुरकी-हिरवी, काटेरी देठाची. एकावर एक अशी रचलेली की देवळाचं शिखर वाटावं. तानूबाई पाठमोरी बसून तराजूला उदबत्ती ओवाळत होती. तिच्यापुढं अजून कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी खालून ओरडले, "मावशी, वांगी कशी दिली?"

तिनं वळून न बघता भाव सांगितला. रोजची सवय. मग वळली, पायऱ्यांवर कुणी नाही असं पाहून खाली बघितलं, आणि तिच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली.

"अगं बया! भाव बोलले की मी!"

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणं! भवानीचा भाव बोलले मी तुला!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं, हे कुठल्याही बाजारात असतं. पण आमच्या मंडईची रीत त्याहून कडक. एकदा भाव तोंडातून गेला की तेच गिऱ्हाईक धरायचं. त्यानं घेतल्याशिवाय दुसऱ्याला काही द्यायचं नाही. रचलेला ढीग जागचा हलवायचा नाही. पहिली वस्तू गिऱ्हाइकानं ढिगातून स्वतःच्या हातानं उचलायची. आणि दाराजवळच्या ओट्याची भवानी झाल्याशिवाय त्या रांगेत कुणी तराजूला हात लावायचा नाही. दाराजवळ तानूबाईचा ओटा. तिच्या मागं अख्खी रांग.

मी काही हे डोक्यात धरून विचारलं नव्हतं. तिथं तर मी पहिल्यांदाच भाव विचारत होते.

"वर ये बाई लवकर," तानूबाई म्हणाली.

"कशी येऊ?"

"मग विचारलंस कशाला?"

"वांगी घ्यायला!"

मागच्या ओट्यावरचा मेथीवाला वाकून म्हणाला, "आक्का, झाली का भवानी?"

"न्हाई. गिऱ्हाईक खाली हाय."

"मग वर घ्या की!"

"घे तूच. तुझ्या बापाची मंडई हाय न्हवं?"

लोक जमायला लागले. पिशव्या घेऊन बायका ओट्यांपुढं उभ्या, आणि कुणीच काही देईना. कोथिंबीरवाली म्हणे तानूबाईची होऊ दे. टोमॅटोवाला म्हणे मी काय करू, रीत आहे. एक पेन्शनर आजोबा चिडून म्हणाले, "अहो, अंधश्रद्धा आहे ही!" त्यावर तानूबाई म्हणाली, "असंल. तुमच्या काठीला लिंबू बांधलंय त्ये कशाला?" आजोबा काठीकडं बघायला लागले.

दोन हमाल खाली आले. "ताई, धरतो आम्ही. खुर्चीसकट नेतो."

मी चाकांना खटका लावला. "हात लावाल तर बोंब मारीन."

"अवो, मदत करतोय."

"मदत करायचीय? तिकडचं दार उघडायला सांगा. उतारावरून माझी मी येते."

हमालांनी एकमेकांकडं बघितलं. "त्ये मालाचं हाय," एकजण म्हणाला, पण त्याला स्वतःलाच ते बोलणं जरा चमत्कारिक वाटलं असावं. त्याच उतारावरून तो रोज पोती नेत होता.

तेवढ्यात दादा आला. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार, तुझ्या बहिणीनं मंडई बंद पाडलीय. सायकल भिंतीला टेकवली, कुलूपसुद्धा लावलं नाही, आणि धापा टाकत माझ्यापाशी आला.

"मालू, काय तमाशा हा? चल. एका मिनिटाचं काम हाय." आणि सवयीनं माझ्या काखेत हात घातला.

"हात काढ, दादा."

"अगं पण..."

"तू उचललंस तर ती तू आणलेली भाजी होईल."

"मी कुठं भाजी आणतोय? मी तुला नेतोय वर."

"तेच ते."

दादाचा हात तसाच माझ्या काखेत राहिला. वरनं तानूबाईचा आवाज आला, "ए कोळेकरा! उचलू नगंस तिला. भवानीचं गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं..." आणि तिनं जीभ चावली. मग म्हणाली, "आपल्या चाकानं येतं."

सगळे हसले. मीही हसले. दादानं हात काढला.

मग साहेब आले. म्हणजे तेव्हा तुमच्या खुर्चीत बसायचे ते, मंडईचे अधिकारी. सफारी, स्कूटर, कपाळावर गंध. गणपतराव पळत पुढं झाला. त्याच्या खांद्यावर लाल बंदांची एक कापडी पिशवी होती. ती पिशवी साहेबांच्या घरची. दर रविवारी ती गणपतरावाच्या खांद्यावर मंडईत यायची आणि प्रत्येक ओट्यापुढं थांबून भरत जायची. पैसे कुणी द्यायचं नाही, कुणी मागायचं नाही. हीसुद्धा रीतच होती, फक्त ती उदबत्ती लावून पाळत नसत.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं न बघता दादाला म्हणाले, "हे बघा, ही पुरातन वास्तू आहे. हिच्यात कसलाही बदल करता येत नाही. दगड हलवायची परवानगी नाही."

"दगड हलवू नका," मी खालून म्हटलं. "कुलूप काढा."

"ते दार मालासाठी आहे."

"उतार आहे ना तिथं? तुम्ही केलेला नाही. मंडई बांधणाऱ्यानंच केलाय. मग मी चढले तर पुरातनाचं काय बिघडतं?"

"प्रश्न उताराचा नाही, नियमाचा आहे. माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं."

तानूबाई ओट्यावर उभी राहिली. तिला बसलेलीच पाहायची सवय लोकांना. उभी राहिल्यावर ती केवढी थोरली दिसते ते सगळ्यांना त्या दिवशी कळलं. "सायेब, मग माल म्हणूनच आणा हिला. पोत्यावर बसवा, वर कांद्याचा भाव लिवा. पर आणा. माझी भवानी अडलीय."

"बाई, तुम्ही गिऱ्हाईक करा. असल्या रिती आता चालत नाहीत."

"बरं," तानूबाई म्हणाली. "मग गणपत, पिशवी पण घेऊन जा घरला. भवानीच्या आधी भाजीला फुकटचा हात लागला, तर दिसभर फुकटच जातं. आज काय मिळायचं न्हाई."

"माझ्याकडं पण न्हाई," मेथीवाला म्हणाला.

"माझ्याकडं पण न्हाई," कोथिंबीरवाली.

सगळे त्या लाल बंदांच्या पिशवीकडं बघत होते. गणपतरावानं ती हळूच खांद्यावरून काढून पाठीमागं धरली. साहेबांच्या कपाळावरचं गंध घामानं उतरायला लागलं होतं.

"उघड रे ते दार," ते म्हणाले. "आजच्यापुरतं."

आम्ही पूर्वेकडं वळलो. आम्ही म्हणजे सगळेच. गणपतरावानं कुलूप काढलं, दोन्ही फळ्या उघडल्या. मी चाकं चाकोऱ्यांत लावली आणि रेटा दिला. उतार दिसतो त्याहून उभा होता. मध्येच मागचे दांडे कुणीतरी धरल्याचं कळलं.

"दादा, सोड."

"मागं येशील."

"आले तर येईन. सोड."

त्यानं सोडलं. पण मागून त्याची चाहूल येत होती. नंतर हमालानं सांगितलं, नवं चालायला लागलेल्या पोराच्या मागं बाप चालतो, तसा दोन्ही हात पुढं धरून, न शिवता, तो चालत होता.

आणि मी आत आले.

मंडईचं वर्णन तुम्ही त्या फलकावर केलंय: अमुक शैली, तमुक कमानी. मी तुम्हाला सांगते काय होतं ते. आत शिरल्याबरोबर ओल्या पोत्याचा, मेथीचा आणि आल्याचा वास एकदम अंगावर आला. कौलांच्या मधल्या काचांतून उन्हाचे चौकोन ओट्यांवर पडले होते. एका चौकोनात भोपळा, एका चौकोनात झोपलेलं मांजर. माणसं दोन्ही बाजूंना सरकून मला वाट देत होती, आणि पहिल्यांदाच मला ती वाट कुणाच्या खांद्यावरून दिसत नव्हती. मी मध्येच थांबले. कुणी 'चल' म्हटलं नाही. मला वाटलं तेवढा वेळ मी त्या मांजराकडं बघत राहिले.

तानूबाईच्या ओट्यापाशी आले तर नवी अडचण. ओटा उभ्या माणसाच्या कमरेला. माझ्या नाकाला. लोक ढिगाच्या शेंड्याचं वांगं उचलतात. मला शेंडा दिसतच नव्हता. डोळ्यांपुढं होतं ते सगळ्यात तळातलं.

"कुठलं बी उचल," तानूबाई म्हणाली. "पर तूच उचल."

मी तळातलं ओढलं.

पुढं काय झालं असेल ते कुठल्याही गिऱ्हाइकाला कळलं असतं. मला कुठून कळणार? पहिल्यांदा एक वांगं घरंगळलं, मग चार, मग तानूबाईचं सगळं शिखर गडगडत माझ्या मांडीवर, पदरात, खुर्चीच्या खाली, दादाच्या चपलांवर. लोकांनी आरडाओरडा केला. मी मात्र मुठीत तेवढं एक वांगं घट्ट धरून बसलेली.

आता ही शिव्या घालणार, असं मला वाटलं. तानूबाई ओट्यावर हात टेकून हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. "झाली भवानी! अशी भवानी माझ्या सासूला बी झाली न्हवती गं! आख्खा ढीग पदरात!" आणि मागं वळून ओरडली, "उचला रे तराजू!"

रांगेत तराजूंच्या साखळ्या वाजल्या. मंडई सुरू झाली.

मग मी मांडीवरच्या ढिगातून वांगी निवडली. सावकाश. एकेक उलटून, देठ बघून, दाबून, पुन्हा ठेवून. दादा शेजारी उकिडवा बसून सांडलेली वेचत होता. मी चार निवडून पारड्यात टाकली, तेव्हा तानूबाईनं वाकून बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, ह्याला भोक हाय. किडकं हाय त्ये. बदल."

"असू दे," मी म्हटलं. "माझं मी निवडलंय."

तिनं तसंच वजन केलं.

दुपारी दादा माझ्या खोलीवर जेवायला आला. वहिनीला आणलं नव्हतं. हरला तर तिच्यादेखत नको असेल. भरली वांगी केली होती, शेंगदाण्याचं कूट, काळं तिखट. भाकरी जरा जाड झाली होती. तो खाली मान घालून जेवत होता. चौथ्या वांग्याला त्यानं घास मोडला, आणि थांबला. मी पाहिलं. आत अळी होती, मसाल्यात शिजून गेलेली.

लहानपणापासून दादा ताटात केस निघाला तरी उठून जाणारा. मी वाट बघत होते. आता म्हणेल, बघ, म्हणून सांगत होतो. बांध सामान.

त्यानं ती अळी बोटाच्या टोकानं ताटाच्या कडेला ठेवली, चटणीखाली सारली, आणि राहिलेलं वांगं खाल्लं. मसाला पुसून, बोटं चाटून खाल्लं.

"अजून हाय का?" त्यानं विचारलं.

"संपली."

"मग पुढच्या रविवारी जास्त आण," तो म्हणाला.

घरी चल, हे तो पुन्हा कधीच बोलला नाही.

साहेबांचं 'आजच्यापुरतं' किती वर्षं चाललं! दुसऱ्या दिवशी गणपतराव कुलूप घालायला गेला, तर तानूबाईनं त्याला फक्त पिशवीची आठवण करून दिली. त्या उतारावरून मी जायला लागले, आणि मग कळलं की मी एकटी नव्हते. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या, दिवस गेलेल्या पोरी, कडेवर पोर घेतलेल्या, काठीला लिंबू बांधलेले ते आजोबा. इतकी वर्षं हे सगळे पायऱ्यांवर दम खात होते आणि कुणी तोंड उघडत नव्हतं. पुढच्या दारानं मग फक्त घाईतली माणसं जायची. तानूबाई असेपर्यंत दर रविवारची तिची भवानी माझ्या हातची. ढीग ती मुद्दाम ठेंगणा रचायची, आणि मला वाटायचं वांगी महागलीत म्हणून. ती गेल्यावर तिच्या सुनेनं सांगितलं तेव्हा कळलं.

वांगी आता मला निवडता येतात. बोटाला कळतं.

आणि मग तुम्ही आलात. सुशोभीकरण घेऊन. मंडईभोवती महिनेच्या महिने पत्रे लावलेत, आणि पत्रे काढलेत तेव्हा पूर्वेला उतार नव्हता. चकचकीत पायऱ्या होत्या, पितळी कठडा, दोन्ही बाजूंना कुंड्या. पुढच्या दाराशी तुमचा फलक. मूळ स्वरूप, जसंच्या तसं.

हे मी पुढच्या पायऱ्यांखाली बसून लिहितेय, मांडीवर कागद धरून. आज रविवार आहे. वर पहिल्या ओट्यावर तानूबाईची सून शकू बसलीय. मी आल्या आल्या खालून भाव विचारला. आणि तिनं तो सांगितला. चुकून नव्हे, माझ्याकडं बघून, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा, ठासून. मेथीवाल्याच्या मुलानं तराजू खाली ठेवलाय. दादा आता सत्तरीचा झालाय. तो सायकल हातानं ढकलत आला, ती लावली, आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. मला उचलायला नाही. त्याचेही गुडघे गेलेत.

ढीग रचलेला आहे. भाव बोलून झालाय. तुमच्या घरची पिशवी आत कुणाच्या तरी खांद्यावर असेलच, ती आज रिकामी येईल.

त्या दोन चाकोऱ्यांचे दगड कुणाच्या हुकमानं फोडलेत? कुठं टाकलेत? आणि ते परत कधी बसवणार?

भवानी अडलीय. खाली या आणि उत्तर द्या.